पेव्हर ब्लॉक, बर्फ आणि रबराची कड

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे बर्फ किती पडतो हो?’ असं कधी विचारू नये. तो सुरू होतो आणि थांबत नाही. मी थोडक्यात उरकतो. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबलचक पसरलं आहे आणि आम्ही त्याच्या पूर्वेच्या टोकाशी. थंड, कोरडी हवा सरोवराच्या लांबीवरून वाहत आली की वाटेत ऊब आणि बाष्प गोळा करते आणि किनारा लागला की सगळा माल आमच्या डोक्यावर उतरवते. त्यातही पट्टा इतका अरुंद की विमानतळावर ऊन आणि आमच्याकडे पुढचं घर दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या भागांत एकाच वादळात ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला आणि बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचा घरचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. पुढे सरोवर गोठलं की जरा उसंत मिळते. गोठलं तर.

हा सगळा बर्फ फावड्यानं उपसायचं माझं वय आता राहिलेलं नाही. उन्हाळ्यात गवत कापायला जो ट्रॅक्टर वापरतो, त्याचंच खालचं कापणीचं डेक थंडीच्या तोंडावर काढायचं, मागच्या चाकांना साखळ्या चढवायच्या, वजनं लावायची आणि पुढे ४८ इंची प्लाऊचं, म्हणजे बर्फ ढकलायचं ब्लेड जोडायचं, असा आमचा शिरस्ता. ब्लेडच्या खालच्या काठाला बोल्टांनी घट्ट केलेली एक लोखंडी पट्टी असते. जमीन खरवडते ती आणि झिजतेही तीच. ब्लेडचा पत्रा वाचतो. ड्राइव्हवे डांबरी होता तोवर या पट्टीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. ओरखडे उठायचे, पण सीलरचा हात मारला की झाकले जायचे.

मग डांबर उखडून आम्ही पेव्हर ब्लॉक बसवले आणि सगळं गणित बदललं. पेव्हर ब्लॉकच्या चारही कडा किंचित उतरत्या केलेल्या असतात. सांध्यांत वाळू भरलेली असते. जमिनीतलं पाणी गोठून फुगलं की एखादा ब्लॉक शेजाऱ्यापेक्षा केसभर वर येतो, आणि तेवढा वर आलेला ब्लॉक लोखंडी पट्टीला पुरतो. ट्रॅक्टर आपल्या वजनानिशी येतो, पट्टी त्या कडेला अडते आणि कोपऱ्याचा टवका उडतो. अडली नाही तरी ब्लॉकवर लोखंडाची करडी रेघ ओढली जाते आणि ओलाव्यानं ती पुढे तांबूस होते. डांबरासारखं यावर काही फासून चालत नाही. ब्लॉक बसवणाऱ्यानं जाताना बजावून सांगितलं होतं: वर फिरेल ते रबराचं किंवा प्लास्टिकचं असू द्या.

सोपा उपाय म्हणून लोक ब्लेडच्या मागचे स्किड शूज, म्हणजे ब्लेडला टेकू देत जमिनीवरून घसरणारे पाय, खाली करतात. म्हणजे ब्लेड जमिनीपासून अर्धा इंच वर तरंगतं आणि ब्लॉकला लागत नाही. पण मग तेवढा बर्फ मागे राहतो, त्यावरून गाडी गेली की तो दाबला जातो आणि रात्रीतून त्याचा गुळगुळीत थर होतो. स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र घ्यायचं तर पैसे आणि गॅरेजमधली जागा, दोन्ही हवं. कंत्राटदार लावला तर तो त्याच्या सवडीनं येणार, आणि त्याच्या ट्रकच्या प्लाऊलाही लोखंडच. तेव्हा रबर ठरलं.

आमचा शेजारी टाउनच्या हायवे खात्यात प्लाऊ चालवून निवृत्त झाला आहे. त्याला बेत सांगितला तर त्यानं कुंपणापलीकडून मान हलवली. “रबर ढकलेल. खरवडणार नाही. एवढं लक्षात ठेवून कर.” त्यांच्या मोठ्या ट्रकांच्या पट्ट्यांना कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची धार असायची, कारण त्यांना रस्त्यावर चिकटलेला बर्फ सोलून काढायचा असे. रबराची कड विमानतळावर वापरतात, असं तो म्हणाला. धावपट्टीत दिवे जमिनीच्या पातळीला बसवलेले असतात, त्यांना लोखंड लागून चालत नाही. माझे ब्लॉक म्हणजे त्या दिव्यांची धाकटी भावंडं असं मी स्वतःला सांगितलं आणि रबर शोधायला लागलो.

रबर निवडणं हा या कामातला सगळ्यात रोचक भाग, निदान मला तरी. कारण हे काम मी पाहिलेलं होतं, फक्त ५००-६०० मीटर लांबीच्या मोठ्या मापात आणि ४५ अंश तापमानात. शिकाऊ इंजिनिअर म्हणून मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात कोल हँडलिंगला होतो. कोळशाच्या कन्व्हेयरवर जिथे माल पडतो, तिथे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती असतात आणि त्या भिंतींच्या खालच्या काठाला रबराच्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्याला स्कर्ट रबर म्हणतात. ते चालत्या बेल्टला जेमतेम टेकतं आणि कोळसा सांडू देत नाही. पत्र्याचा काठ, खाली लोंबणारं रबर, आणि त्या रबराखालून घासत जाणारा पृष्ठभाग. प्लाऊच्या कडेत आणि यात फरक एवढाच की तिथे बेल्ट चालतो आणि इथे पत्रा.

तिथल्या जुन्या फिटरचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे: “साहेब, रबर बोल्टानं नाही धरत, पट्टीनं धरते.” रबराला भोकं पाडून नुसते बोल्ट-वायसर लावले तर ताण त्या भोकांवरच येतो, भोकं लांबतात आणि एक दिवस रबर बोल्टावरून फाटून निघतं. त्यावर आडवी लोखंडी पट्टी दाबून बसवली की ताण सगळ्या लांबीवर वाटला जातो. इथे बाजारात मिळणाऱ्या काही तयार संचांत फक्त रबर आणि बोल्ट येतात, पट्टी नसते. तसला संच घेऊ नये, किंवा घेतला तर पट्टी आपण आणावी.

दुसरी गोष्टही तिथलीच. कन्व्हेयरचा जुना बेल्ट कापून त्याचंच स्कर्ट रबर करायचं, हा मोह सगळ्यांना होतो, कारण बेल्ट फुकट पडलेला असतो. पण बेल्टच्या पोटात कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेतून ते उघडे पडतात, त्यांत खडे रुतून बसतात आणि मग ती कड खालच्या बेल्टला चरे पाडत राहते. इथेही लोक शेतमालाच्या कन्व्हेयरचे जुने बेल्ट स्वस्तात विकतात आणि प्लाऊला लावतातही. डांबरावर चालेल. ब्लॉकवर मला वाळूचे कण धरून ठेवणारी कड नको होती. शिवाय कापडाच्या थरांत पाणी शिरून गोठलं की थर सुटायला लागतात.

म्हणून साधं, कापड नसलेलं एसबीआर हे कृत्रिम रबर घेतलं. कडकपणा ६० ते ७० शोर ए, म्हणजे गाडीच्या टायरच्या आसपासचा. जाडी चार सूत, म्हणजे अर्धा इंच. याहून पातळ रबर बर्फाच्या भारानं मुडपतं, आणि एक-दीड इंच जाडीचं रबर ट्रकच्या प्लाऊसाठी असतं. ट्रॅक्टरच्या ब्लेडला ते वाकतच नाही. पॉलियुरेथेनही पाहिलं. ते रबराच्या मानानं कितीतरी जास्त टिकतं, पण किंमतही तशीच. निओप्रीन तेलाला चांगलं, पण कडाक्याच्या थंडीत लवकर ताठरतं. आपल्याकडे तेल कुठे आहे?

जुनी पट्टी काढणं हा मात्र निव्वळ कंटाळवाणा प्रकार. रस्त्यावरचं मीठ खाऊन सहाही बोल्ट गंजलेले. ते गोल डोक्याचे आणि चौकोनी मानेचे. मान ब्लेडच्या चौकोनी भोकात अडकते म्हणून नट फिरवताना बोल्ट फिरत नाही, असा त्यामागचा विचार. गंजानं मान आणि भोक दोन्ही गोलसर झाले की तो विचार संपतो. नट फिरवला की बोल्टही आनंदानं बरोबर फिरतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. काही सुटले. उरलेल्यांना शेजाऱ्याचा ग्राइंडर लावला. ब्लेड वर उचलून त्याखाली काम करायचं असेल तर नुसत्या उचलायच्या लिव्हरवर भरवसा ठेवू नये. खाली लाकडाचे ठोकळे द्यावेत आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. ग्राइंडरची ठिणगी गॅरेजमधल्या पेट्रोलच्या डब्यापर्यंत सहज पोचते, म्हणून हे काम मी बाहेर केलं, ऑक्टोबरात, हात गारठायच्या आत.

मापांचा हिशेब असा केला. ब्लेडची भोकं खालच्या काठापासून एक इंच वर आहेत. रबराची पट्टी पाच इंच रुंद घेतली आणि भोकांची रेघ बरोबर मधोमध आखली, म्हणजे अडीच इंचांवर. त्यातला एक इंच ब्लेडवर जातो, दीड इंच खाली मोकळं लोंबतं. चार सुती रबराला एवढं लोंबणं पुष्कळ झालं. जास्त ठेवलं तर पुढे जाताना ते ब्लेडखाली दुमडतं आणि ट्रॅक्टर बर्फ ढकलायच्या ऐवजी त्यावर चढायला बघतो. भोकं मधोमध ठेवण्याचा फायदा असा की खालची कड झिजली की पट्टी उलटी करून वरची कड खाली घेता येते. वरचा दीड इंचाचा मोकळा भाग ब्लेडच्या वळणापाशी थोडा सुटा राहतो आणि त्याच्यामागे बर्फ साचतो. साचू दे.

दाबायला दोन सूत जाड, दोन इंच रुंद आणि चार फूट लांब लोखंडी पट्टी घेतली. हार्डवेअरच्या दुकानात ही तयार मिळते आणि चार फूट म्हणजे बरोबर ४८ इंच, कापायचीही गरज नाही. जुनी पट्टी वर ठेवून तिच्याच भोकांतून खुणा केल्या. लोखंडाला भोकं पाडणं सोपं. रबराला पाडणं ही वेगळी विद्या. साध्या ड्रिलनं रबर कापलं जात नाही, ओढलं जातं. बिट आत शिरतो, रबर त्याला गुंडाळायला बघतं, आणि बिट बाहेर काढला की भोक आक्रसून बोल्टापेक्षा लहान होतं. चंद्रपूरला फिटर लोक पाइपच्या तुकड्याला आतून धार लावून पंच करायचे. मीही तेच केलं. खाली लाकडाचा ओंडका, वर रबर, पाइपचा पंच उभा धरायचा आणि हातोडीचा एकच नेमका घाव. आतून रबराची काळी टिकली निघते आणि भोक आरशासारखं स्वच्छ.

एकेका भोकाऐवजी मी उभ्या खाचा केल्या: इंचभर अंतरावर खाली-वर दोन भोकं आणि मधला भाग सुरीनं कापून काढायचा. कड झिजली की बोल्ट सैल करायचे, रबर पाव-अर्धा इंच खाली ओढायचं, पुन्हा आवळायचे. पूर्ण उलटं करायची पाळी त्यानंतर येते. रबर कापताना सुरी साबणाच्या पाण्यात बुडवत राहायची आणि एका दमात आरपार कापायला जायचं नाही. सरळ पट्टीच्या कडेनं हलक्या हातानं चीर द्यायची, रबर वाकवून चीर उघडायची, पुन्हा सुरी फिरवायची. घाई केली की कड तिरपी जाते.

जोडण्याआधी एक काम मात्र टाळू नये. ब्लेडच्या पत्र्याचा खालचा काठ आणि नव्या पट्टीचा खालचा काठ कानशीनं घासून गोल करावा. पुढे जाताना रबर ब्लेडच्या काठावर वाकतं, मागे ओढताना पट्टीच्या काठावर. तोच काठ धारदार राहिला तर रबर जमिनीनं झिजायच्या आधी तिथेच तुटतं. मी बोट फिरवून काठ बोचत नाही अशी खात्री होईपर्यंत कानस मारली.

क्रम असा: समोर पट्टी, मध्ये रबर, मागे ब्लेड. रबर ब्लेडच्या पुढच्या अंगाला हवं, कारण मग ढकलताना त्याला मागून पत्र्याचा आधार मिळतो. इथे चौकोनी मानेचे बोल्ट चालत नाहीत. पट्टी आणि रबर मिळून जाडी एवढी होते की बोल्टाची आखूड मान ब्लेडच्या चौकोनी भोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून तीन सुताचे, पावणेदोन इंच लांबीचे षटकोनी डोक्याचे बोल्ट, मागून रुंद वायसर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट. साधा नट आणि स्प्रिंग वायसर रबरावर बेभरवशाचा, कारण रबर हळूहळू दबतं, ताण कमी होतो आणि नट आपोआप सुटतो. नायलॉक ताणावर अवलंबून नसतो. आवळायला सुरुवात मधल्या बोल्टांपासून आणि आलटून पालटून टोकांकडे. टोकांपासून सुरू केलं तर मध्ये रबराला लाट येते आणि ती लाट शेवटपर्यंत जात नाही. पट्टीच्या काठाखालून रबर फुगून बाहेर यायला लागलं की पाना खाली ठेवायचा.

राहिले स्किड शूज. ब्लेडचं सगळं वजन रबरावर सोडलं तर ते पहिल्याच महिन्यात संपेल. ब्लेडच्या पत्र्याखाली सव्वा इंच जाडीचे लाकडी ठोकळे ठेवले, म्हणजे दीड इंच लोंबणारं रबर पाव इंच दबून किंचित मागे वाकतं. मग शूज जमिनीला टेकतील एवढे वायसर लावून पिना अडकवल्या. पण शूज स्वतः लोखंडी! रबर लावून ब्लॉक वाचवायचे आणि शूजनं दोन समांतर रेघा ओढायच्या, यात काय अर्थ? स्नोब्लोअरसाठी प्लास्टिकचे शूज मिळतात, पण माझ्या ब्लेडला बसतील असे सापडले नाहीत. शेवटी स्वयंपाकघरातला जाड पांढरा चॉपिंग बोर्ड कापून त्याचे गोल तुकडे शूजच्या तळाला स्क्रूनं बसवले, डोकी आत बुडतील अशी. “अरे, तो बोर्ड जुना होता, टाकाऊ नव्हता,” एवढं ऐकून घ्यावं लागलं. नवा आणून दिला.

पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरच्या अखेरीस आला, सरोवराकडून येतो तसा हलका, भुसभुशीत. रबरानं तो ब्लॉकपर्यंत स्वच्छ नेला. आवाज जवळजवळ नाही. लोखंडी पट्टी सांध्यासांध्यावर खडखडायची, पहाटे साडेपाचला सगळी गल्ली जागी करायची. आता फक्त इंजिनाचा आवाज. पूर्वी वर आलेल्या ब्लॉकला पट्टी धडकली की ब्लेडची स्प्रिंग ताणून ब्लेड पुढे कलंडायचं. रबर त्याच ब्लॉकवरून वाकून पुढे जातं, स्प्रिंगला कामच पडत नाही.

खरी मजा आली ती डिसेंबरात, पाऊस आणि बर्फ एकत्र पडून पाणथळ रबडी झाली तेव्हा. लोखंड असल्या रबडीत नुसतं रेघा मारतं. रबरानं ती फरशीवर वायपर मारावा तशी ओढून नेली. मागे ओले पण मोकळे ब्लॉक. तेवढं पाणी निघून गेलं की रात्री गोठायला काही उरत नाही.

आणि शेजारी म्हणाला तेही खरं. गाडीच्या चाकांनी दाबलेल्या बर्फावरून रबर सरळ वर सरकत जातं. त्यावर इलाज एकच: आधी प्लाऊ, मग गाडी. रात्री कामावरून परतताना गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून आधी ट्रॅक्टर काढायचा, असा नियम घरात केला. तो सगळ्यांना आवडलेला नाही. टाउनचा प्लाऊ जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो घट्ट, मीठमिश्रित बांध टाकून जातो, तिथेही रबर दमतं. वेगानं मारलं तर मुडपतं. तो बांध मी थरथरानं, वरून सुरुवात करून, सावकाश आतल्या बाजूला हिरवळीवर नेतो. रस्त्यावर ढकलायची सोय नाही. न्यूयॉर्क राज्यात त्याला कायद्यानं मनाई आहे. गॅरेजच्या दारापासून मागे ओढतानाही रबर पुढे मुडपून थोडा बर्फ मागे सोडतं, म्हणून दारापुढचे दोन-तीन फूट अजून फावड्यानंच काढतो.

जिथे थर चिकटलाच, तिथे थोडं कॅल्शियम क्लोराइड टाकतो. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. काँक्रीटच्या ब्लॉकचा वरचा पापुद्रा मात्र दोन्हीही सोलू शकतात, म्हणून थोडंच.

रबर आणि पट्टी मिळून ६०-७० डॉलर गेले. ज्यांचा ड्राइव्हवे लांब, चढाचा आणि डांबरी आहे, जिथे गाड्यांची ये-जा थांबवता येत नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये. त्यांना खरवडणारं लोखंडच लागेल. खडीच्या ड्राइव्हवेवर तर रबर चार वादळांत फाटेल. तिथे लोक ब्लेडच्या काठावर लांब पाइप चिरून बसवतात, तो खडीवरून घसरत जातो. रबर हे ब्लॉक, नक्षीचं काँक्रीट आणि नवं डांबर यांच्यासाठी.

पहिल्या बर्फानंतर सगळे नट पुन्हा तपासले. रबर दबलं होतं आणि प्रत्येक नटानं थोडा फेर घेतला. एप्रिलमध्ये ब्लेड उतरवून मीठ धुतलं तेव्हा कड एका बाजूला जास्त झिजलेली दिसली. मी ब्लेड बहुतेक वेळा उजवीकडे वळवून चालवतो, त्याचा हा परिणाम. नुसतं खाली ओढून ती तिरपी कड सरळ होणार नाही, म्हणून या ऑक्टोबरात रबर उलटंच करणार आहे. बोल्ट तेच राहतील. नायलॉक नट मात्र नवे आणायचे आहेत, कारण एकदा काढलेला नायलॉक पुन्हा तेवढी पकड धरत नाही.